रंगीत पाणी माशाला मारतं का? ९६ तासांच्या चाचणीत काय घडतं

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की सांगलीत दोन गोष्टींची चर्चा ठरलेली. एक, पाण्याला आलेला रंग. दुसरी, काठाला लागलेले मेलेले मासे. दोन्ही एकदम दिसलं की माणूस लगेच जोडी लावतो: पाणी रंगलं, म्हणून मासे मेले. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मासे मारणारी गोष्ट बिनरंगी असते आणि डोळ्यांत भरणारा रंग माशाच्या लेखी तेवढा घातक नसतो. याच्या उलटही होतं. रंग उडून जातो आणि विष तिथंच राहतं.

पाण्याचा रंग आणि पाण्याचं विष या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला प्राणिशास्त्रात एक जुनी चाचणी आहे. तिचा निकाल एका आकड्यात येतो आणि तोच आकडा बातम्यांत, प्रबंधांत, कारखान्याच्या कागदपत्रांत फिरत असतो: ‘९६ तासांची एलसी-५० अमुक मिलिग्रॅम प्रति लिटर.’ ज्या तीव्रतेच्या पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी निम्मे ९६ तासांत मरतात, ती तीव्रता म्हणजे एलसी-५०. एलसी म्हणजे लीथल कॉन्सन्ट्रेशन, मारक तीव्रता.

हा आकडा उलटा वाचायचा असतो आणि इथंच बरेच जण फसतात. आकडा जितका लहान, तितकं द्रव्य जास्त विषारी. ०.५ वाला रंग ५०० वाल्या रंगापेक्षा हजारपट जहाल. एक मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा आणि तीत एक ग्रॅम पूड टाका. गडद रंगाची असेल तर एवढ्यानंही टाकीभर पाण्याला रंगाची छटा येते. म्हणून तर रंगाचं प्रदूषण इतर प्रदूषणाआधी लोकांना दिसतं.

‘निम्मे’च का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. पहिला मासा कधी मेला ते पाहावं, तर तो नेमका आधीपासूनच मरतुकडा असू शकतो. शेवटचा कधी मेला ते पाहावं, तर एखादा चिवट गडी सगळं गणित बिघडवतो. टोकाचे मासे दर वेळी वेगळे वागतात, मधले बऱ्यापैकी सारखे. ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२७ मध्ये औषधांची ताकद मोजताना हा मधला बिंदू धरायचं सुचवलं, आणि पुढं तीच रीत पाण्यातल्या विषांसाठीही रूढ झाली. ९६ तासांबद्दल प्रयोगशाळांमध्ये अर्ध्या गमतीनं सांगतात की सोमवारी सकाळी मासे टाकायचे, शुक्रवारी सकाळी मोजायचे आणि शनिवार-रविवार मोकळा. गंमत सोडली तरी चार दिवस ही सोयीची मुदत आहे. जलद मारणारं विष तेवढ्यात आपला रंग दाखवतं आणि चाचणीत खाद्य देत नसले तरी मासे तेवढ्यात नुसत्या उपासानं मरत नाहीत.

टाकीतले चार दिवस

आपल्याकडे अशा चाचणीसाठी बहुतेक वेळा रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनसची बोटुकली घेतात. मत्स्यबीज केंद्रात जिरे, अर्धबोटुकली, बोटुकली असे टप्पे असतात. बोटुकली म्हणजे नावाप्रमाणं बोटाएवढं पिल्लू. काही ठिकाणी गप्पी किंवा झेब्रा फिश वापरतात. मासे आणले की लगेच रंगात टाकायचे नाहीत. पिशवीतून, गाडीतून, हादरे खात आलेले मासे आधीच अर्धमेले असतात. त्यांना प्रयोगशाळेतल्या पाण्याची, तापमानाची सवय व्हायला आठ-दहा दिवस तरी द्यावे लागतात. त्या काळात आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त मासे दगावले तर ती अख्खी खेप बाद करायची, असं ओईसीडीची, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना या आंतरराष्ट्रीय संस्थेची, मार्गदर्शिका क्रमांक २०३ सांगते. जगभर याच मार्गदर्शिकेचा आधार घेतात.

पाण्याचीही तयारी लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बोटुकलीला ते रंगापेक्षा आधी मारू शकतं. म्हणून पाणी दिवसभर पंपानं घुसळून किंवा थोडं सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरीन घालवतात. चाचणीच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद. पोट भरलेले मासे विष्ठा टाकतात, त्यातून अमोनिया होतो आणि मग मासे कशानं मेले हे कुणालाच सांगता येत नाही.

आता मांडणी बघू. दोन ग्रॅमचा एक मासा, असे दहा मासे एका टाकीत म्हणजे वीस ग्रॅम वजन. एका लिटरमागं साधारण ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको, म्हणून टाकीत २५ लिटर पाणी. एक ग्रॅम रंग एक लिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करायचं. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम रंग. एखाद्या टाकीत ३.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं असेल तर ३.२ गुणिले २५, म्हणजे ८० मिलिलिटर मूळ द्रावण मोजून ओतायचं. बाजारातल्या रंगाच्या पुडीत मीठ, डेक्स्ट्रिन, पसरवणारी द्रव्यं असं बरंच काही मिसळलेलं असतं. पुडीतला खरा रंग ६० टक्केच असेल तर तुमचा ‘एक ग्रॅम’ प्रत्यक्षात ६०० मिलिग्रॅम भरतो. ही दुरुस्ती न केलेले आकडे छापील शोधनिबंधांतही सापडतात.

आधी एक ढोबळ फेरी होते: ०.१, १, १०, १०० अशा दहापट पायऱ्यांवर थोडेच मासे. कुठं सगळे जगतात आणि कुठं सगळे मरतात तेवढं कळलं की त्या पट्ट्यात खरी चाचणी लावायची, निदान पाच तीव्रतांवर. शिवाय एक टाकी बिनरंगाची, म्हणजे नियंत्रण टाकी. पाहुण्यांना सगळ्यांत कंटाळवाणी वाटणारी हीच टाकी निकालाचा कणा असते. तिच्यातले दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले तर इतर टाक्यांमध्ये काहीही घडलेलं असो, चाचणी रद्द.

रंग ओतल्यावर काय दिसतं? विष फार तीव्र नसेल तर पहिल्या तासात फारसं काही नाही. पाणी हिरवं किंवा निळं, आणि मासे कोपऱ्यात गोळा होऊन थबकलेले. मग कल्ल्यांवरची झाकणं भराभर उघडझाप करू लागतात. काही मासे वर येऊन पाण्याच्या अगदी काठाशी तोंडानं ‘आ’ करतात. अंगावर चिकट बुळबुळीत थर वाढतो आणि त्याचे धागे कल्ल्यांतून लोंबताना दिसतात. एखादा अचानक सरळ रेषेत सुसाट सुटतो आणि काचेवर आपटतो. नंतर तोल जातो. मासा कुशीवर होतो, परत सावरतो, पुन्हा कलंडतो. या सगळ्याची वेळ लिहून ठेवायची असते, कारण नुसत्या मेलेल्यांच्या संख्येतून विष कुठं घाव घालतं ते समजत नाही. कल्ल्याची हालचाल थांबली आणि शेपटीच्या देठाला काचेच्या कांडीनं हलकेच डिवचूनही काहीच झालं नाही, की मासा मेला असं धरतात आणि लगेच बाहेर काढतात. तो तिथंच सडला तर टाकीतला प्राणवायू खातो.

मोजणी २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना होते. उदाहरणादाखल समजा, ९६ तासांनंतर असं चित्र आलं: १ मिलिग्रॅमच्या टाकीत शून्य मेले, १.८ मध्ये १, ३.२ मध्ये ४, ५.६ मध्ये ७, १० मध्ये दहाच्या दहा, आणि नियंत्रण टाकीत शून्य. निम्म्याचा आकडा ३.२ आणि ५.६ यांच्या मध्ये कुठंतरी आहे हे उघड आहे. साध्या आलेखावर रेघ ओढली तर ४.० येतो, लॉग प्रमाणाच्या आलेखावर ३.९. लॉग घ्यायचा कारण तीव्रता आपण बेरजेनं वाढवली नाही, दर पायरीला साधारण १.८ पट केली आहे. सजीवांचा प्रतिसादही बहुधा पटीच्याच हिशेबानं वाढतो. हल्ली संगणक ‘प्रोबिट’ पद्धतीनं हे काम करतो. तिचा पाया ब्लिस यांनी १९३४ मध्ये घातला, पुढं फिनी यांनी ती घट्ट केली.

जबाबदार अहवाल ३.९ सोबत विश्वासमर्यादाही देतो, म्हणजे खरा आकडा कुठपासून कुठपर्यंत असू शकतो ते. एखाद्या प्रबंधात ‘३.८७४२’ असा आकडा बघितला की मला हसू येतं. टाकीत दहा मासे होते राव, दशांश चिन्हापुढचे चार अंक कुठून आले?

सगळे रंग एका माळेचे मणी नाहीत

कृत्रिम रंगांची गोष्ट १८५६ मध्ये सुरू होते. विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. तेव्हापासून हजारो रंग बाजारात आले. त्यांतल्या सुमारे ३००० रंगांची माशांवरची माहिती तपासली गेली तेव्हा फक्त दोन टक्क्यांच्या आसपास रंगांची एलसी-५० एक मिलिग्रॅमच्या खाली निघाली. म्हणजे बहुसंख्य रंग माशाला चार दिवसांत मारणारे नाहीत. रंगाची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही. चाचणीतून निघतं ते तसंच सांगायला हवं.

मग ते दोन टक्के कोणते? त्यांत ‘बेसिक’ म्हणजे धनभारित रंग ठळक आहेत, आणि त्यांतही मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट यांच्या घराण्यातले. कारण कल्ल्यात आहे. कल्ल्याचा पृष्ठभाग आणि त्यावरचा चिकट थर ऋणभारित असतो. धनभारित रंगाचा रेणू तिथं जाऊन चिकटतो. कल्ला म्हणजे माशाचं फुप्फुस आणि मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारा अवयव, दोन्ही एकात. तोच माखला की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. सुती कापडाला लावतात ते रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित आणि पाण्यात भरपूर विरघळणारे. ते कल्ल्याला तसे धरत नाहीत, म्हणून त्यांची एलसी-५० पुष्कळदा शंभर मिलिग्रॅमच्याही वर जाते.

मॅलेकाइट ग्रीन जवळून बघण्यासारखं आहे. रंग म्हणून ते रेशीम, लोकर, कातडं, कागद यांना लावतात. मत्स्यपालनात ते अंड्यांवरची बुरशी आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घालवायला वापरलं जायचं. शोभेच्या माशांच्या औषधांत आजही भेटतं. खाण्याच्या माशांवर मात्र अनेक देशांत त्याला बंदी आहे. हिरव्या मिरचीला, वाटाण्याला, भेंडीला तकाकी आणायला कुणी हाच रंग फासतं, ती भेसळ वेगळीच. अनेक जातींच्या माशांसाठी त्याची ९६ तासांची एलसी-५० एक मिलिग्रॅमच्या आत आहे. म्हणजे औषधाचा डोस आणि मरणाचा डोस यांत बोटभरही अंतर नाही. पाणी तापलं की ते आणखी कमी होतं. थंडीत झेपलेला डोस एप्रिलमध्ये झेपेलच असं नाही.

मुख्य मुद्दा यापुढं आहे. मॅलेकाइट ग्रीनचा हिरवा रंग आम्लधर्मी पाण्यात टिकतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारधर्मी ते सांगणारा आकडा, सातच्या आसपास गेला की त्याचे रेणू हळूहळू दुसऱ्या रूपात जाऊ लागतात आणि ते रूप बिनरंगी असतं. आपल्याकडचं काळ्या पाषाणातून वाहणारं पाणी थोडं क्षारधर्मी, पीएच आठच्या जवळपास. अशा पाण्यात टाकी फिकी पडत जाते. बघणाऱ्याला वाटतं, रंग निघून गेला, बरं झालं. तो कुठंही गेलेला नसतो. बिनरंगी रूप तर चरबीत जास्त सहज शिरतं. माशाच्या अंगात गेल्यावर त्याचं आणखी एक रंगहीन रूप होतं, ल्युकोमॅलेकाइट ग्रीन, आणि ते मांसातल्या चरबीत दीर्घकाळ टिकतं. खाण्याच्या माशांवर बंदी आली ती मुख्यतः या साठ्याच्या भीतीनं. नुसत्या रंगमापकावर विसंबून टाकीतली तीव्रता मोजली तर तीव्रता घटल्याचा भास होतो. म्हणून मोजायच्या नमुन्याचा पीएच आधी आम्लाकडे आणावा लागतो, रंग परत येतो, मग ६१७ नॅनोमीटरच्या आसपास वाचन घ्यायचं.

तीव्रता मोजणं हा टाळाटाळीचा विषय आहे, म्हणून बजावून सांगतो. रंग काचेला चिकटतो, विष्ठेला चिकटतो, माशात जातो, उजेडानं विघटन पावतो. पहिल्या दिवशी ३.२ टाकलेली टाकी तिसऱ्या दिवशी ३.२ राहिलेली नसते. त्यामुळं दर चोवीस तासांनी द्रावण बदलतात आणि रोज मोजतात. ‘टाकलेली तीव्रता’ आणि ‘मोजलेली तीव्रता’ यांपैकी कोणत्या आकड्यावर एलसी-५० काढली आहे, हे अहवालात सगळ्यांत आधी शोधावं.

टाकी वेगळी, नदी वेगळी

टाकीत आपण प्राणवायू राखतो. संपृक्त पातळीच्या ६० टक्क्यांखाली तो जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. आपल्याकडच्या तापमानात ती मर्यादा साधारण पाच मिलिग्रॅम प्रति लिटरला येते. नदीला असा नियम कोण लावणार? मळीमिश्रित पाणी किंवा शेरी नाल्यासारख्या नाल्यांचं सांडपाणी कमी प्रवाहाच्या दिवसांत पात्रात मिसळतं, तेव्हा जिवाणू ते कुजवताना प्राणवायू फस्त करतात. रात्री शेवाळही प्राणवायूच घेतं. पहाटे पातळी तळाला जाते आणि सकाळी मासे तरंगताना दिसतात. ही गुदमर आहे. तिला रंगाची एलसी-५० लावायला गेलं तर उत्तर चुकीचंच येणार.

कापडाच्या रंगकामाचं पाणी हाही नुसत्या रंगाचा मामला नाही. विट्याला, माधवनगरला माग आहेत, आणि जवळचं मोठं प्रोसेसिंग इचलकरंजीत. तिथलं सांडपाणी जातं पंचगंगेकडे, आणि पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला, सांगलीच्या खाली. त्यामुळं सांगलीच्या घाटावर दिसलेला रंग इचलकरंजीच्या नावावर घालताना भूगोल आठवावा. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर बसावा म्हणून भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा घालतात. एवढं करूनही रंगाचा काही हिस्सा धाग्यावर न बसता पाण्याबरोबर जातो. त्या पाण्यात मीठ आहे, पीएच दहा-अकराला गेलेला आहे, ब्लीचिंगचं क्लोरीन असू शकतं, काही रंगांत तांबं किंवा क्रोमियमही. आता कुणी म्हणालं की ‘आमच्या रंगाची एलसी-५० तीनशे आहे आणि पाण्यात रंग फक्त तीस’, तर ते वाक्य अक्षरशः खरं असूनही मासा त्या पाण्यात मरू शकतो. मारणारा वेगळाच असतो.

कायद्यानं हे ओळखलं आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक अट आहे: शंभर टक्के, म्हणजे न पातळ केलेल्या, प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. इथं एलसी-५० काढायची भानगडच नाही. पाणी जसं आहे तसं, मासे टाका आणि मोजा. मला ही अट शुद्ध रंगाच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची वाटते, कारण ती एकट्या आरोपीला न पकडता सगळ्या टोळीची परीक्षा घेते.

आकड्याची दुसरी मर्यादा काळाची आहे. चार दिवसांत न मरणं म्हणजे सुखरूप असणं नव्हे. अंडी धरण्यावर, वाढीवर, पिल्लांच्या जगण्यावर महिनोन्महिने काय होतं ते या चाचणीला दिसत नाही. ॲझो रंग, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंच्या जोडीनं बांधलेले रंग, प्राणवायू नसलेल्या गाळात गेले की तुटतात आणि त्यांतून ‘सुगंधी अमाइन’ नावाची रसायनं निघतात. काही अमाइन कर्करोगजनक आहेत. भारतानं १९९७ मध्ये अशा रंगांच्या एका मोठ्या गटावर बंदी घातली. गडद पाण्यात उजेड खाली पोचत नाही, शेवाळ वाढत नाही, आणि माशाचं ताट रिकामं राहतं. म्हणून ३.९ आला की नदीत ३.८ चालेल, असा अर्थ कुणीही काढत नाही. ३.९ हा तर निम्मे मासे मारणारा आकडा. रसायनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १ ते १० मिलिग्रॅममधला रंग ‘पाण्यातल्या जिवांना विषारी’ ठरतो. युरोपात, हातात फक्त अशा तातडीच्या चाचण्या असतील तर मासा, पाणपिसू आणि शेवाळ यांच्यापैकी सर्वांत नाजूक आकड्याला हजारानं भागून मग नदीसाठी मर्यादा काढतात. आपल्या उदाहरणात मासाच सगळ्यांत नाजूक ठरला, असं धरलं तर ती येते ०.००३९ मिलिग्रॅम.

माशांचा जीव घेऊन हे सगळं करावं का, हा प्रश्न मी टाळणार नाही. एका रंगासाठी साठ मासे, त्यातले बरेच तडफडून. तोच रंग, तोच मासा, पीएच किंचित बदलून पुन्हा नवा निबंध, हे चालू राहतं. ते थांबलं तर विज्ञानाचं काही नुकसान होणार नाही. पर्याय तयार आहेत. ओईसीडीनं २०१३ मध्ये झेब्रा फिशच्या भ्रूणांवरची चाचणी मान्य केली. अंड्यातला जीव अजून खायला लागलेला नसतो. तो गोठला का, शेपूट सुटी झाली का, हृदय धडधडतं का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. २०२१ मध्ये ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशी बशीत वाढवून त्यांवर करायची चाचणीही मान्य झाली. बेसिक रंग कल्ल्यावरच घाला घालतात, तेव्हा त्यांच्यासाठी तर ती अगदी योग्य आहे.

आणि नदीवर मेलेले मासे दिसलेच, तर वेळ दवडू नये. विरघळलेला प्राणवायू बाटली घरी नेऊन मोजता येत नाही; तो जागेवर मीटरनं मोजावा लागतो किंवा बाटलीत रसायन घालून तिथंच पक्का करावा लागतो. पीएच आणि तापमान त्याच क्षणी. पाण्याचा नमुना मेलेल्या माशांच्या जागेवरचा एक, आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला, मासे ठणठणीत आहेत तिथला एक. दुसऱ्याशिवाय पहिल्याचा उपयोग फार थोडा. रंगाचा संशय असेल तर बाटली गडद काचेची घ्यावी. मासे अजून ‘आ’ करत असतील तर त्यांतले चार-दोन बर्फात घालून ठेवावेत, सडलेले नकोत. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन. दुपारपर्यंत थांबलात तर पहाटे मासे मारणारं पाणी कधीच अंकलीच्या पुलाखालून पुढं गेलेलं असतं.